गोकुळपेठेतून पायदळ

रविवारी सकाळी नागपूरच्या लक्ष्मीभुवन चौकातल्या चहाच्या ठेल्यावर पोहोचलो तेव्हा माझ्या दोन्ही हातांत थैल्या होत्या आणि पाठीवर पोराची कॉलेजातली जुनी बॅग. मंगेशनं पाहिलं आणि सुरू झाला, "अबे, एक गाडी घेऊन टाक ना! काहून हमाली करून राहिला?"

आमची स्कूटर पोरासोबत पुण्याला गेली, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून रामनगर ते गोकुळपेठ मार्केट पायदळच. आणि मला ते जमतं, हेच मी या लोकांना सांगून राहिलो होतो.

"मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाते, तेव्हा सांग," विनोद म्हणाला.

मेमध्ये मी सातच्या आत निघतो, आठला घरी. पण उन्हापेक्षा मोठी अडचण वजनाची, आणि वजन वाढतं ते महिन्याचा किराणा एकदम भरायच्या आपल्या सवयीनं. पंधरा-वीस किलो सामान एका खेपेत आणायचं म्हटलं की गाडी लागणारच. मी त्याच्या चार खेपा केल्या. पाच लिटर तेलाचा डबा साडेचार किलोच्या वर भरतो आणि त्याची कडी बोटांत रुतते. म्हणून एक लिटरचं पाकीट घेतो, ९१० ग्रॅमचं, ते पाठीवरच्या बॅगेत. डाळ, साखरही तिथेच, पाठीला चिकटून. हातात फक्त भाजी, दोन्हीकडे सारखी.

खरी युक्ती वेगळीच आहे. आलू-कांदे थैलीत खाली हवेत, म्हणजे आधी घ्यायला हवेत. पण आधी घेतले की ते ओझं घेऊन अख्खा बाजार फिरावा लागतो. मी आलू-कांदे मोजून घेतो, पैसे देतो आणि थैली त्याच ठेल्यावर ठेवून पुढे जातो. परत येताना वरून टमाटर, अगदी शेवटी सांभार, म्हणजे कोथिंबीर. भाजीवाली बाई न सांगता थैली सावलीत सरकवून ठेवते. ही ओळख मला गाडीवर असताना कधी मिळाली नव्हती.

"आणि तांदूळ?" दिलीपभाऊंनी विचारलं.

तांदूळ आणि कणीक दुकानातला पोरगा सायकलवर आणून देतो.

"मग पायदळ कुठं झालं?"

झालं नाही, कबूल. दहा किलोचा कट्टा खांद्यावर आणायचा हट्ट मी धरत नाही. दिलीपभाऊ स्वतः मात्र एलएडी चौकातून मेट्रोत बसतात, गाडी न बदलता कॉटन मार्केटला उतरतात आणि स्वस्त भाजी घेऊन येतात. २०२२ च्या डिसेंबरात ही लाइन पार प्रजापती नगरपर्यंत गेली, त्याचा खरा फायदा त्यांनीच उचलला.

मंगेश म्हणाला, चाकाची बॅग घे. घेतली होती. आमच्या रस्त्यावर फूटपाथचे गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, उखडलेले, दर फाटकापाशी उतार, आणि नवीन सिमेंट रोड जुन्या फूटपाथपेक्षा उंच. चाक दुसऱ्या आठवड्यात गेलं. इंडियन रोड काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेचं मानक सांगतं की फूटपाथवर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे थैल्या घेतलेली दोन माणसं एकमेकांना न घासता जातील. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं चालण्याजोगा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे मी जरा जोरातच बोललो.

दिलीपभाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्या वहिनीचा बाजार सुटला. चढ-उतारावर गुडघा साथ देत नाही. आधी रोज जायची, चार बायका भेटायच्या. आता मी आणतो ते पाहते आणि म्हणते, असे वांगे मी घेतलेच नसते."

मी विनोदला विचारलं, तुझी कार कुठे आहे? समोरच्या गट्टूंवर होती.

"मग कुठं लावू? तू सांग," तो चिडून म्हणाला.

रस्त्यावर लाव, आखून दिलेल्या जागेत, पैसे देऊन. अशी जागा नसेल तर ती माग. चालणाऱ्याची जागा घेऊ नको. त्याला पटलं नाही. मंगेशलाही अर्धंच पटलं. आठ वाजून गेले होते, सांभार मान टाकायला लागला होता. मी थैल्या उचलल्या आणि विनोदच्या कारला वळसा घालून रस्त्यात उतरलो.