मागे चौकटींचा पडदा, पुढे आपले ‘पूर्वज’

गेला आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय. जुन्या तपकिरी फोटोंचं कोलाज, त्यातले निम्मे संगणकाने रंगवलेले. खालचा मजकूर थोडक्यात असा: इंग्रजांनी आपल्या पूर्वजांचं रूप जसंच्या तसं टिपून ठेवलं, त्यावरून कोणत्या जातीचा मूळ वर्ण कोणता ते कळतं, मागचा चौकटींचा पडदा ही त्या काळची स्टुडिओतली फॅशन, भारतीयांच्या हाती कॅमेरा आला तो १९०० नंतर, आणि हल्ली काही कलाकार बायका फॅन्सी ड्रेस करून या ठेव्याची टिंगल करतात. शेवटी ठसक्यात, ‘कॅमेरा खोटं बोलत नाही.’ शाळेत शिकवणाऱ्या मावशीने ‘वर्गात दाखवणार आहे’ असं लिहून तो पुढे पाठवला, तेव्हा गप्प बसणं अवघड झालं.

वर्णाचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त विष त्यातच आहे. १८५५ ते १८८० या काळातले यातले बहुतेक फोटो ओल्या कलोडियनच्या पद्धतीने काढलेले आहेत. काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, अंधारात ती काच दोन-तीन मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा, आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून कमी. आता मुद्दा असा की या थराला निळा आणि अतिनील प्रकाशच काय तो नीट दिसतो. तांबडा जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक येतं, कुंकू काळं येतं, लाल लुगडं काळं येतं आणि निळं कापड धुवट पांढरं दिसतं. गव्हाळ किंवा सावळी कातडी निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश जास्त परतवते, म्हणून डोळ्याला दिसते त्यापेक्षा ती फोटोत बरीच गडद उतरते. गोऱ्या साहेबाच्या तोंडावरचे वांगही याच कारणाने शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसतात.

त्यात फोटोग्राफरने पांढरं पागोटं जळू नये म्हणून प्रकाश कमी वेळ दिला, की पागोट्याखालचा चेहरा आणखी काळवंडतो. वर अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला फोटोचा कागद दीडशे वर्षांत पिवळा पडतो, फिका होतो. थोडक्यात, एकच माणूस सकाळी एका स्टुडिओत आणि दुपारी दुसऱ्या स्टुडिओत बसला असता, तर त्याचे दोन ‘वर्ण’ निघाले असते. यावरून जातीचा रंग ठरवायचा? रंगवलेल्या प्रतींचं तर बोलायलाच नको. करडा डाग मुळात लाल होता, हिरवा होता की काळा, ही माहिती काचेवरच उतरलेली नाही. सॉफ्टवेअर अंदाज ठोकतं, आणि तो अंदाज आपण ‘मूळ वर्ण’ म्हणून वर्गात दाखवणार.

आता ‘जसंच्या तसं’. यासाठी लांब जायला नको, मुंबईचंच उदाहरण घ्या. विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. दुसरा खंड महाराष्ट्राचा. पानावर माणसं ऐटीत मोकळ्या जागेत उभी दिसतात, मागे झाडं, इमारती, देखावा. प्रत्यक्षात ती माणसं स्टुडिओत बसवलेली आहेत आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरचा आहे. जोडकाम केलंय. तेव्हाच्या या जोडकामाची साधारण रीत अशी: माणसाच्या काचेवर आकृतीभोवतीचा भाग झाकून ती एकटीच कागदावर छापायची, मग आकृती झाकून त्याच कागदावर देखावा छापायचा. चूक कुठे पकडायची तेही सांगतो. पायांकडे बघा. तळव्याखाली सावली नसते, किंवा असलीच तर झाडाच्या सावलीच्या उलट दिशेला जाते. पदराची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. पुढच्या माणसाच्या मानाने मागची इमारत खेळण्यातली वाटते. जॉन्सनचे आधीचे, जोडकाम न केलेले फोटो अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डीगॉलियर ग्रंथालयाने इंटरनेटवर खुले ठेवले आहेत. ते आणि छापील पान शेजारी शेजारी ठेवा. हा एक पुरावा माझ्या मते बाकी सगळ्याला पुरून उरतो.

अर्थात फसण्यात फॉरवर्डवाले एकटे नाहीत. सरकारने १८६८ ते १८७५ दरम्यान काढलेला ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा फोटोसंग्रह, म्हणजे त्याचे तोवर निघालेले खंड, सर सय्यद अहमद खान यांनी १८६९ मध्ये लंडनला इंडिया ऑफिसात पाहिले. ते शरमले, दुखावले, पण ही चित्रं जागेवर जाऊन काढली आहेत, हे मात्र त्यांनीही मानलं. एवढा मोठा माणूस!

चौकटींचा पडदा ही फॅशन? हे वाचून हसावं की रडावं कळेना. १८६९ मध्ये जॉन लॅम्प्रे याने पद्धत सुचवली: सात फूट उंच, तीन फूट रुंद लाकडी चौकट, आतल्या कडांवर दर दोन इंचांवर खिळे, त्या खिळ्यांना ताणून बांधलेला रेशमी दोरा. झाली दोन-दोन इंचांच्या चौकोनांची जाळी. तिच्यापुढे उघडा माणूस उभा करायचा, एकदा समोरून, एकदा बाजूने, आणि घरबसल्या चौकोन मोजून त्याची तुलना दुसऱ्या ‘वंशा’शी करायची. १८९० च्या दशकात अंदमानात मॉरिस व्हायडल पोर्टमन या अधिकाऱ्याने काळ्यापांढऱ्या चौकटींचा पडदा लावून तिथल्या आदिवासींचे असेच फोटो काढले आणि जोडीला मापांचे तक्ते भरले. ती माणसं हौसेने फोटो काढून घ्यायला आली नव्हती. कोष्टकात भरण्यासाठी उभी केली होती.

म्हणूनच ‘फॅन्सी ड्रेस’ हा शेरा जास्त झोंबतो. कोलाजमध्ये ज्या बाईंची खिल्ली उडवली आहे त्या पुष्पमाला एन. या बेंगळुरूच्या कलाकार आहेत. क्लेअर आर्नी या तिथेच राहणाऱ्या ब्रिटिश छायाचित्रकार बाईंबरोबर त्यांनी २००० ते २००४ या काळात दक्षिण भारतातल्या ‘नेटिव्ह’ स्त्रियांची एक फोटोमालिका केली. चौकटींच्या पडद्यापुढची निलगिरीतल्या तोडा जमातीची स्त्री त्यात आहे, राजा रविवर्म्याची चांदण्यातली स्त्री आहे, लक्ष्मी आहे, योगिनी आहे, पोलिसांनी पकडलेल्या बायकांचा फोटोही आहे. हे साधं सोंग नव्हे. मूळ चित्रातली उजेडाची बाजू, हाताचा कोन, रंगवलेला पडदा, तपकिरी छटा, सगळं पुन्हा उभं करावं लागतं. आणि इतकं सगळं जुळवल्यावर एक गोष्ट मुद्दाम जुळू दिलेली नाही: चेहरा. देवी, गुन्हेगार, आदिवासी, सगळीकडे स्वतः पुष्पमालाच. ‘नमुना’ म्हणून जो विकला जायचा तो पडदा, पोशाख आणि पोझ यांचा मिळून व्हायचा, हे यापेक्षा सोपं करून कसं सांगायचं? जॉन्सनने जोड लपवला, पुष्पमालांनी तो उघडा ठेवला. टिंगल असलीच तर ती त्या पडद्याची आहे, पडद्यापुढच्या माणसाची नाही.

कॅमेरा १९०० नंतर आला म्हणे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद, त्यांचे भाऊ नारायण दाजी स्वतः फोटो काढायचे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ मध्ये फोटोग्राफीचा वर्ग होता आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्टुडिओ चालवला. पुढे!

एक कबूल करायला हवं, जिवावर येतंय तरी. हे फोटो टाकाऊ नाहीत. पागोट्याचे पेच, नथीचा घाट, लुगड्याचा काष्टा याची एवढी बारीक नोंद दुसरीकडे सहज मिळत नाही. शिवाय ‘नमुन्यां’च्या या बाजारात आपले देशी फोटोग्राफरही धंदा करत होते, ते सगळं पाप साहेबाच्या माथी मारता येत नाही. आणि कोणी हसत नाही म्हणून सगळे दबलेले होते, असंही नव्हे. काही सेकंद हलायचं नाही, डोक्यामागे लोखंडी टेकू. हसणार कोण? टेकूचं बूड कधी कधी पायांमागे दिसतंही.

मावशी, वर्गात दाखवायचंच असेल तर रंगवलेले फोटो वगळ. जॉन्सनचं एक छापील पान आणि त्याचा स्टुडिओतला मूळ फोटो असे दोन छापून ने, आणि मुलांना सावल्या शोधायला सांग.