तंजावरच्या लेखावरील प्रतिक्रियेस उत्तर

महोदय,

तंजावर आणि कुंभकोणमच्या प्रवासावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप आपल्याच शब्दांत असा आहे : ‘तुम्हा पुण्याच्या लोकांना राजराजाच्या देवळापुढे उभे केले तरी भोसल्यांचाच शिलालेख दिसणार, तमिळचा गंध नसलेल्या पाहुण्याने परगावी जाऊन मिरवलेली ही घरची फुशारकी आहे.’ त्याखेरीज सांबाराची कथा, कुंभकोणमजवळच्या दारासुरमच्या देवळाचा त्रोटक उल्लेख आणि बसगाड्यांच्या माहितीचा अभाव याही आपल्या तक्रारी आहेत.

मतभेद असण्याला माझी हरकत नाही, परंतु अनोळखी माणसाशी बोलण्याची सुरुवात ‘तुम्हा पुण्याच्या लोकांना’ अशी करण्याची रीत मला माहीत नव्हती. मी पुण्याचा नाही, आणि असतो तरी त्याचा राजराजा चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराशी काय संबंध होता, हे आपल्या प्रतिक्रियेवरून उलगडत नाही. राहता राहिला तमिळचा गंध. माझे वडील नोकरीनिमित्त तिरुचिरापल्लीला होते, माझे प्राथमिक शिक्षण तिथेच झाले आणि तमिळ अक्षरे मी देवनागरीच्या आधी गिरवली. पुढे घर महाराष्ट्रात आले, बोलण्याचा सराव कमी झाला, तरी खानावळीत, बसमध्ये आणि देवळाच्या दारात मला आजही दुभाष्या लागत नाही. देवळाच्या जोत्यावरील चोळकालीन लेख मला वाचता येत नाहीत, हे खरे आहे. पण ते लिपीच्या जुनेपणामुळे तिथे रोज दर्शनाला येणाऱ्या तमिळ भाविकालाही सहजी वाचता येत नाहीत, आणि म्हणून त्याला कोणी पाहुणा म्हणत नाही.

आता शिलालेखाविषयी. आवाराच्या भिंतीवरील हा प्रदीर्घ मराठी शिलालेख तंजावरचा मराठा राजा दुसरा सरफोजी याने १८०३ साली कोरवून घेतला, त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे, आणि त्यावर मी लेखाचा मोठा भाग खर्च केला. तसे करण्याचे कारण मूळ लेखातच दिले होते, पण फुशारकी शोधण्याच्या घाईत ते आपल्या नजरेतून निसटले असावे. सरफोजी १७९८ साली गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा परिसर आणि तनखा. म्हणजे पूर्वजांच्या स्वाऱ्या आणि वंशावळ ज्याने दगडात कोरवली, तो राजा त्या वेळी वसूल, फौज आणि न्यायनिवाडा या तिन्ही गोष्टींना मुकलेला होता. विजयाच्या भरात लिहिलेल्या प्रशस्ती आपल्याकडे पुष्कळ आहेत. सत्ता हातची गेल्यानंतर, दुसऱ्या राजवंशाने आठशे वर्षांपूर्वी बांधलेल्या देवळाच्या आश्रयाने आपल्या घराण्याची नोंद करून ठेवण्याची ही धडपड मला वेगळी वाटली, आणि आजही वाटते. १८५५ मध्ये शेवटचा राजा पुत्राविना वारला, तेव्हा राजेपदही संपले. शिलालेख मात्र राहिला. यात मिरवण्यासारखे काय आहे, ते आपणच सांगावे.

शिवाय ज्यांना आपण ‘घरचे’ म्हणता, ते भोसले तिथे घरचे राहिले होते का? तंजावरची मराठा गादी स्थापन करणाऱ्या व्यंकोजीचा मुलगा शहाजी तेलुगूत नाट्यरचना करीत होता. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखितांत संस्कृत सर्वाधिक आहेत. त्यांच्या शेजारी तमिळ, तेलुगू आणि मराठी नांदतात. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आणि अभंग आले ते याच दरबारी आणि कीर्तनी वर्दळीतून. जो माणूस हे सगळे एका ‘फुशारकी’त गुंडाळतो, त्याने तंजावर पाहिले असेल, पण घाईत पाहिले असावे.

राजराजाला मी डावलले, हा आरोप तर मला समजलाच नाही. १०१० साली पूर्ण झालेल्या या देवळाच्या लेखांत सेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावे आणि त्यांना दिलेली घरे रस्त्यांसह नोंदलेली आहेत, यावर लेखात एक संपूर्ण परिच्छेद आहे. आपण तो वाचला असेल, असे मी सौजन्याने गृहीत धरतो.

सांबाराबाबत मात्र आपले म्हणणे रास्त आहे. शहाजीच्या मुदपाकखान्यात कोकमाऐवजी चिंच घालून आमटी झाली आणि पाहुण्या संभाजीचे नाव तिला मिळाले, ही कथा मी ‘असे सांगतात’ म्हणूनच दिली होती, तरी तिला समकालीन आधार माझ्या पाहण्यात नाही. ती गाळली असती तर लेखाचे काही बिघडले नसते.

दारासुरमवर स्वतंत्र लिहायचे आहे, म्हणून तिथे थांबलो नाही. बसगाड्यांची वेळापत्रके बदलत असतात आणि ती सांगणे हे माझ्या लेखाचे काम नाही. कुंभकोणमच्या बसस्थानकावर चौकशी केल्यास तिथली माणसे आपल्याला नीट सांगतील, आणि तेही आपण कुठल्या गावचे, हे न विचारता.