चौसष्ट लाखांचं घर, बहात्तर लाखांना

बँकेतून फोन आला तेव्हा मी पडद्यांचं कापड निवडत होतो. टोकन देऊन झालं होतं आणि हॉलला निळे पडदे की राखाडी, एवढा एकच प्रश्न जगात शिल्लक होता. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, तुमचं व्हॅल्युएशन थोडं कमी आलंय."

"थोडं म्हणजे किती?"

"चौसष्ट."

आमचा सौदा बहात्तर लाखांचा होता. बँकेच्या भाषेत आठ लाखांना ‘थोडं’ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. "काळजी करू नका सर, लोन होणार," ती म्हणाली. "फक्त कमी होणार."

हिशेब असा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. आम्ही मधल्या खणात. ७२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ५७ लाख ६० हजार. हा आकडा मी झोपेतही सांगितला असता. पण किंमत कुठली धरायची? करारातली आणि व्हॅल्युअरने, म्हणजे बँकेने घराची किंमत ठरवायला नेमलेल्या माणसाने लावलेली, या दोहोंत जी कमी असेल ती. ६४ लाखांचे ८० टक्के ५१ लाख २० हजार. मधले ६ लाख ४० हजार माझ्या खिशातून निघायचे होते, आणि खिशात त्या क्षणी कापडाचे दोन नमुने होते, एक निळा आणि एक राखाडी. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आणखी वेगळा. तो घराच्या किमतीत मिळवून त्यावर कर्ज मागता येत नाही. (दहा लाखांपर्यंतच्या घराला ही सवलत आहे. दहा लाखांत घर मिळालं तर जरूर घ्या, आणि मलाही कळवा.)

सरकारी बाजू आणखी मजेदार. महाराष्ट्रात कुठल्या भागात जागेचा काय दर, याचा तक्ता सरकार स्वतःच काढतं. त्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. त्याप्रमाणे आमचा फ्लॅट ६१ लाखांचा. मी एजंटला म्हटलं, निदान मुद्रांक शुल्क तरी ६१ लाखांवर बसेल. एजंट हसला. "साहेब, करारातली किंमत आणि रेकनरची किंमत, जी जास्त असेल तिच्यावर." म्हणजे घर तेच, भिंती त्याच. बँक विचारते, यातली कमी किंमत कुठली? सरकार विचारतं, यातली जास्त कुठली? एकाला मला पैसे द्यायचे आहेत आणि दुसऱ्याला माझ्याकडून घ्यायचे आहेत, हे लक्षात घेतलं की दोघांच्याही बोलण्यात काडीची विसंगती सापडत नाही.

ज्याने आमचं घर मोजलं तो मुलगा मला चांगला आठवत होता. व्हॅल्युअर स्वतः येत नाहीत, त्यांच्या ऑफिसातला इंजिनिअर येतो. आमचा आला तो हातात हेल्मेट अडकवून. वय चोवीस-पंचवीस. त्याच्या येण्याची तयारी आम्ही मुलगी बघायला येणार असल्यासारखी केली होती. घर अजून मालकांचं, तरी त्यांच्या बाल्कनीतली दोरी मी काढायला लावली, पॅसेजमधला बल्ब माझ्या पैशाने बदलला, आणि मालकीणकाकूंना विनंती केली की तो असेपर्यंत बाथरूमचा नळ कोणी उघडू नका, कारण तो उघडला की भिंत गुरगुरते. त्या पोराने बल्बकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेझरचा लाल ठिपका भिंतीवर मारला, आकडा टिपला, पुढच्या खोलीत गेला.

"चतुःसीमा सांगा," तो म्हणाला.

पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे घर घेणाऱ्याला तोंडपाठ असायला हवं. मी ज्या आत्मविश्वासाने जिन्याला उत्तरेला नेऊन बसवलं, त्यावरूनच माझी पारख त्याला कळली असणार. त्याने मोबाइलवरचं होकायंत्र काढलं आणि जिना गुपचूप पश्चिमेला हलवला. मग दाराशी उभं राहून, अक्षांश-रेखांश उमटवणाऱ्या ॲपने स्वतःचा फोटो काढला. अकरा मिनिटांत सगळं आटोपलं. त्यापेक्षा जास्त वेळ मी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोललेलो आहे.

खरा घात खाली पार्किंगमध्ये झाला. तिथे तळमजल्यावरचे एक गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्या पोराने त्यांना सहज विचारलं, "काका, इथे काय भाव चाललाय?"

"आठ हजार," गृहस्थ म्हणाले. "वर एक पैसा नाही."

मी घाईघाईने म्हटलं, "नऊ, नऊ." पोराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि वहीत आठ लिहिलं. नकाशाप्रमाणे ८०० चौरस फुटांचा फ्लॅट. आठ हजारांनी किती होतात ते तुम्हीच करून बघा.

नकाशाप्रमाणे म्हणतो, कारण आणखी एक घोळ होता. या घरात आम्ही भाळलो ते हॉलच्या टोकाला असलेल्या उजेडाच्या कोपऱ्यावर. तो कोपरा म्हणजे मूळची बाल्कनी; मालकांनी पंधरा वर्षांपूर्वी भिंत पाडून ती आत घेतली होती. मंजूर नकाशात ती अजूनही बाल्कनीच. २०१६च्या रेरा कायद्यात, म्हणजे घरबांधणीवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्यात, कार्पेट एरियाची म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेची व्याख्या आहे, तिच्यात घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरतात आणि बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे कायद्याच्या नजरेतून मला भिंतीत राहता येईल, बाल्कनीत नाही. जो कोपरा बघून आम्ही टोकन दिलं, तो कागदावर घराबाहेर होता.

व्हॅल्युएशनचा अहवाल मागून घेतला, आणि हे प्रत्येकाने करावं, कारण वाचायला तो फार करमणुकीचा असतो. इमारतीचं वय २२ वर्षं, उर्वरित आयुष्य ३८ वर्षं. निवृत्तीचं वय धरून बँकेने मला कर्जाची मुदत दिली होती १३ वर्षं. ओल आलेल्या, प्लास्टर सुटलेल्या, गुरगुरणाऱ्या नळाच्या त्या इमारतीवर बँकेचा माझ्या जवळजवळ तिप्पट विश्वास होता. त्याखाली ‘डिस्ट्रेस व्हॅल्यू’ नावाची ओळ. म्हणजे घर घाईगर्दीत, गळ्याशी आल्यावर विकावं लागलं तर किती येतील. ५१ लाख २० हजार. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला म्हणून मागची पानं चाळली. बँक मला देणार होती तो कर्जाचा आकडा! मी बुडालो तर जेवढे वसूल होतील, तेवढेच बँक मला द्यायला निघाली होती. आमचं नातं पुढे काय वळण घेणार याचा विचार तिने लग्नाआधीच करून ठेवला होता.

एजंटचं मत असं, की व्हॅल्युअरला बाजार काय कळतो. दुसऱ्या बँकेत जाऊ. दुसऱ्या बँकेत पुन्हा प्रोसेसिंग फी, पुन्हा मूल्यांकनाची फी, आणि आधीची परत मिळत नाही. शिवाय एकच व्हॅल्युअर अनेक बँकांच्या पॅनेलवर असतो. हाच मुलगा हेच हेल्मेट घेऊन पुन्हा दारात उभा राहिला असता, तर मला तोंड लपवायला तो कोपरासुद्धा नव्हता, कागदावर.

मेव्हणा म्हणाला, "मुळात तुम्ही बहात्तर ठरवले कशावरून?"

"मी पूर्ण अभ्यास करून, स्वतंत्रपणे ठरवले," मी म्हणालो.

"जाहिरात कितीची होती?"

"पंच्याहत्तरची."

मेव्हणा काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. पण माझ्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. १९८७ साली नॉर्थक्राफ्ट आणि नील या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या एजंटांना घर दाखवून त्याची किंमत विचारली. माहिती सगळ्यांना एकच, फक्त विक्रेत्याने सांगितलेली किंमत प्रत्येक गटाला वेगळी दाखवली. ज्यांना मोठा आकडा दिसला, त्यांचे अंदाज मोठे आले, एजंटांचेसुद्धा. वर बहुतेक एजंट म्हणाले की सांगितलेल्या किमतीचा आम्ही विचारच केला नाही. मी तर मुरलेलाही नाही. पंच्याहत्तरवरून बहात्तरवर आणलं तेव्हा तीन लाख कमावल्याच्या आनंदात मी बायकोला बाहेर जेवायला नेलं होतं.

बायकोचा प्रश्न वेगळाच होता. "टोकनच्या पावतीवर लिहून घेतलंयस ना, काही झालं तर पैसे परत म्हणून?" लिहून घेतलं होतं, ‘कर्ज नामंजूर झाल्यास’. कर्ज तर मंजूर होत होतं! ‘बँकेचं मूल्यांकन सौद्याच्या किमतीपेक्षा कमी आल्यास’ हे सहा-सात शब्द लिहायला मला कोणी अडवलं नव्हतं. मला सुचले नाहीत, इतकंच.

म्हणून अहवाल घेऊन आम्ही मालकांकडे गेलो. मालक म्हणजे निवृत्त गृहस्थ, आम्ही त्यांना काका म्हणतो. सौदा फिस्कटेल या भीतीने मी विषय लांबून आणत होतो, तोवर काकांनी अहवाल हातात घेतला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. चौसष्टचा आकडा त्यांनी बघितला आणि सोडून दिला. चौथ्या पानावर बोट थांबलं.

"‘देखभाल: साधारण’?" काकांचा आवाज चढला. "साधारण? दर दोन वर्षांनी रंग काढतो मी!"

"काका, तो मुलगा अकरा मिनिटं..."

"टाकीचा फ्लोट मी बदललाय गेल्या वर्षी. तो बघितला त्याने?"

पुढचा अर्धा तास पैशांबद्दल चकार शब्द निघाला नाही. काकूंनी आतून रंगाच्या डब्यांच्या पावत्या आणल्या. त्या घरात काकांची तीस वर्षांची नोकरी संपली होती, मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि एका हेल्मेटवाल्याने या सगळ्यावर ‘साधारण’ असा शेरा मारला होता. माझे आठ लाख त्या शब्दापुढे फिके पडले. मीही पोटतिडकीने म्हणालो की काका, याला आव्हान दिलंच पाहिजे. अशा रीतीने खरेदीदार आणि विक्रेता एका बाजूला आले, आणि समोर बँक.

आव्हान म्हणजे आरडाओरडा करायचा नाही, हे मेव्हण्याने बजावलं. इमारतीत अलीकडे झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, काढायचे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एजंटने सांगितलेले भाव कोणी विचारात घेत नाही, नोंदवलेल्या व्यवहारापुढे मात्र व्हॅल्युअरलाही थांबावं लागतं. आम्हाला दोन सापडले. एक चार महिन्यांपूर्वीचा, आमच्याच मजल्यावरचा, ७० लाखांचा. तो अहवालात नव्हताच. दुसरा ६३ लाखांचा, आणि अहवालात तुलनेला घेतला होता नेमका तोच. खोलात गेलो तर तो दोन सख्ख्या भावांमधला व्यवहार निघाला. मी दोन्ही उतारे जोडून बँकेला शांत, सभ्य पत्र लिहिलं. काकांनी आग्रहाने पाण्याच्या टाकीबद्दल एक परिच्छेद घालायला लावला. तो मी पाठवताना काढला. काकांना अजून माहीत नाही.

दहा दिवसांनी सुधारित आकडा आला, सदुसष्ट. देखभाल मात्र ‘साधारण’च राहिली. काकांनी एक रात्र विचार केला आणि सत्तरवर आले. मेव्हणा म्हणाला, "आता फार घासू नका. रेकनरची किंमत करारातल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघाली, तर फरक तुमचंच उत्पन्न धरून आयकर लागतो." त्या पातळीला आम्ही कुठेच नव्हतो, पण स्वस्त मिळाल्याचा आनंदसुद्धा करपात्र आहे हे ऐकून मी घासणं ताबडतोब थांबवलं. कर्ज ५३ लाख ६० हजार. आधी ठरवल्यापेक्षा खिशातून दोन लाख जास्त घालावे लागले. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, कारण महाराष्ट्रात २०२१ पासून महिलांना घरखरेदीत मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७० हजार तिथे वाचले. बाकीचे पडद्यांतून काढले. हॉलच्या त्या कोपऱ्यात आज दुपारी ऊन थेट सोफ्यावर येतं.

परवा आमच्या वरचा फ्लॅट विकायला निघाला. मी पार्किंगमध्ये त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गाडीचे कागद बघत होतो. समोर एक स्कूटर थांबली. हेल्मेट हातात अडकवलेला तोच मुलगा. त्याने मला ओळखलं नाही.

"काका, इथे काय भाव चाललाय?"

"अकरा हजार," मी म्हणालो. "खाली कोणी देत नाही."

त्याने मान डोलावली. पेन वहीवर टेकवलं. एवढ्यात माझ्या पाठीमागे तळमजल्याची खिडकी उघडली.