जवाई पायी निघाला

सासुरवाडीत मी रुसलो आहे, ही बातमी अख्ख्या गावात सगळ्यात शेवटी मला कळली. झालं होतं इतकंच की सकाळी उठून मी फिरायला गेलो. पायी, आणि एकटा.

गाव रामटेकच्या अलीकडे, पेंच नदीच्या डाव्या कालव्याला, म्हणजे इथल्या भाषेत नहराला, लागून. बेत साधा होता: नहराच्या पाळीनं टेकडीपर्यंत जायचं, वर जरा बसायचं आणि जेवायच्या आत परत यायचं. डिसेंबर होता. धान कापून झालं होतं, धुऱ्यांवर तूर पिवळी झाली होती, रिकाम्या बांध्यांत लाखोळी उगवून आली होती. नहराच्या अस्तराच्या फरशा फुटलेल्या आणि प्रत्येक भेगेतून बेशरमाचं झुडूप डोकावणारं. एकूण दृश्य छान होतं. ते मी पुलियापर्यंत पाहिलं.

पुलियावर एक म्हातारा बकऱ्या घेऊन बसला होता. लग्नात कधीतरी ह्यांच्या पाया पडलो असणार, कारण त्यांनी मला लगेच ओळखलं.

"कुठी जवाईबुवा?"

"फिरायला."

"कोनाकडे?"

"कोणाकडे नाही. असाच. टेकडीपर्यंत."

"टेकडीवर काय हाय?"

"काही नाही."

"मंग?"

ह्या 'मंग'वर माझ्याजवळ खरंच काही नव्हतं. मी हसलो. म्हातारा हसला नाही. त्यानं तंबाखूची थैली काढली, म्हणजे प्रकरण आता सविस्तर चालणार होतं. तेवढ्यात एका बकरीनं माझ्या बुटाची लेस तोंडात घेतली. नवे बूट, खास चालण्यासाठी घेतलेले. किंमत बायकोलाही खरी सांगितलेली नाही.

"वावर पाहाले आले का? तिकडं प्लॉट पाडून राह्यले म्हनते."

"नाही हो."

"शुगर हाय?"

"नाही."

"नाई कशी? चेहरा पाहा कसा उतरला." चुना मळता मळता त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "गाडी कुठी हाय?"

"घरी."

"बंद पडली?"

"चांगली आहे. टाकी भरलेली आहे."

इथं तो थांबला. माणूस धडधाकट, गाडी चांगली, टाकी भरलेली आणि तरी पायी. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला.

"कोन काय बोललं?"

"कोणी काही बोललं नाही!"

"सासू बोलली असंन. तिची जीभ मले मालूम हाय."

मी जोरात नाही म्हणालो. माणूस खरं लपवतो तेव्हाच इतक्या जोरात बोलतो, हे म्हाताऱ्याला माहीत होतं.

"लग्नात गाडी नाई देल्ली त्यायनं. मी तवाच म्हनलो होतो का पोट्टा मनात ठेवंन."

"काका, माझी पोरगी दहावीत आहे!"

"तेच तं! इतले दिवस मनात ठेवलं तुमी."

विषय बदलावा म्हणून मी नहराकडं बोट दाखवून म्हटलं, यंदा पाणी बरं आहे. ही तर आगच लावली. पाणी येते, पण शेवटच्या वावरापर्यंत पोचत नाही. नवेगाव खैरीच्या धरणातून आधी नागपूरचे नळ भरतात, मंग उरलंसुरलं आम्हाले. वर मध्य प्रदेशात चौराईला धरण बांधलं, तेही एक आणखी. हे सगळं खरंच आहे. २०१९ च्या जुलैत आम्ही नागपूरकर दिवसाआड नळाची वाट पाहत बसलो होतो, तेव्हा ह्या लोकांच्या धानाचं काय झालं असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आल्याचं मला तरी आठवत नाही. पण म्हाताऱ्यानं त्याचा शेवट असा केला: "आमचं पानी पेऊन पेऊन तुमाले हे चालाची हुक्की येते."

आणि मग त्यानं तंबाखूच्या थैलीतून विसाची नोट काढली. कोपऱ्याला चुना लागलेली, चौघडी घातलेली. माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि वरून थोपटली. "फाट्यावर बस भेटते. ठेवा. कोनाले सांगत नाई मी." मी परत द्यायला लागलो तर त्यानं दोन्ही हात मागे घेतले आणि माझ्याकडं असं पाहिलं की मीच मान खाली घातली. लेस तोवर अर्धी संपली होती.

टेकडी चढताना माझी चिडचिड होत होती ती ह्याची, की आपल्याकडं चालायला कारण लागतं. देवासाठी चाला, लोक पाया पडतात, चहा पाजतात, रस्त्यात पंगत बसवतात. डॉक्टरनं सांगितलं म्हणून चाला, लोक कीव करतात आणि कारल्याचा रस सुचवतात. ह्या भागाचा तर इतिहासच तसा. राम इथं राहिला तो वनवासात. ढगाला निरोप सांगणारा यक्ष रामगिरीवर होता तो शिक्षा भोगत. हौसेनं पायी आलेला कोणी ह्या डोंगरांना माहीत नाही, तर म्हाताऱ्याला कुठून असणार?

बरं, कारण नसलं तरी जागा तरी हवी! पूर्वी ह्याच गावातून टेकडीकडं पांदण जायची, दोन बैलगाड्या बाजूबाजूनं जातील अशी. आता तिच्या एका बाजूचा धुरा दरवर्षी नांगराच्या एका तासानं सरकतो, दुसऱ्या बाजूला लेआउटवाल्याचं तारेचं कंपाउंड आणि कमान. कमानीवर गोल्फ खेळणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र, आत गाजरगवत. नकाशावर पांदण आहे. तलाठ्याकडंही आहे. जमिनीवर मात्र बाभळीच्या काट्यांतून तिरकं होऊन जावं लागतं. नागपुरात फुटपाथ नाही म्हणून मी इथं येतो आणि इथं नहराची पाळ तेवढी उरली आहे. तीही पाटबंधारे खात्याच्या कृपेनं, आणि तिच्यावर म्हातारा बसलेला.

वर जाऊन मी पुरता टेकलोही नव्हतो, तेवढ्यात खालून मोटारसायकलचा आवाज आला. एकच गाडी. पुढं माझा साळा, मागं सरपंचाचा भाऊ, मध्यस्थीला.

"भाऊजी, चला घरी. आई जेवली नाही."

"अरे मी फिरायला आलोय!"

"हो हो," साळा म्हणाला, म्हातारा 'नाई कशी' म्हणाला होता अगदी त्याच सुरात. "जे असंन ते घरी बसून बोलू."

मला मधे बसवलं. मागं सरपंचाचा भाऊ, बहुतेक उडी मारू नये म्हणून. गावात शिरताना बाया दारात उभ्या होत्या. घरी सासूबाई रडत होत्या, सासरे घसा खाकरत होते आणि चुलीवर कोंबडा शिजत होता. बायको एवढंच म्हणाली, "नागपुरात गेल्यावर बोलते." तिला माहीत होतं मी रुसलो नाही. म्हणूनच तर जास्त राग.

तहात असं ठरलं की भाऊजींना चालायचंच असेल तर त्यांनी अंगणात चालावं. अंगण मोठं आहे, सावली आहे, काय पाहिजे ते हाताशी आहे.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात चाललो. विहिरीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून विहिरीपर्यंत. शेजारची पोट्टी भिंतीवर बसून मोठ्यानं फेऱ्या मोजत होती. तेवढ्यात फाटकाशी बकऱ्या थांबल्या. म्हाताऱ्यानं बराच वेळ पाहिलं, मग सासऱ्यांना हळूच विचारलं, "डॉक्टरले दाखवलं का?"

सासरे काही बोलले नाहीत.

"आन् बसनं नाई गेले ते," म्हातारा म्हणाला, "तं माह्ये वीस रुपये?"

मी खिशात हात घालेपर्यंत सासऱ्यांनी देऊन टाकले.