दोन चिमण्या

आज सकाळीच डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

आमच्या घरच्या ग्रुपवर एका मावसभावाने फोटो टाकला. औष्णिक वीज केंद्राची धूर ओकणारी चिमणी, आणि खाली त्याचं वाक्य: '२०७०? तोवर पृथ्वी तरी उरेल का? भारतासारखे देश सगळ्यांना घेऊन बुडणार.' (२०७० म्हणजे हवेत सोडलेला आणि शोषलेला कार्बन सारखा करून निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायला भारताने जाहीर केलेलं वर्ष.) त्यावर चार-पाच जणांनी अंगठे दिलेत. दादा गेली बारा वर्षं अमेरिकेत आहे. त्याला राग येईल, येऊ दे.

मी अशाच एका चिमणीखाली वाढले. आमचं गाव विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यातलं. अंगणातून केंद्राची उंच चिमणी दिसायची, रात्री तिच्यावर लाल दिवे. आणि ओसरीवर माझ्या वहीशेजारी दुसरी चिमणी असायची, रॉकेलची, कारण गावात भारनियमन. दहावीचा निम्मा अभ्यास मी तिच्याच उजेडात केलाय. वीज तयार व्हायची आमच्या दारात आणि मोठ्या तारांवरून निघून जायची मुंबई-पुण्याकडे. बाबा तिथे सीएचपीत होते, म्हणजे कोळसा उतरवून पट्ट्यावरून पुढे जातो त्या विभागात, कंत्राटी कामगार म्हणून. घरी आले की आधी नाक शिंकरायचे, रुमाल काळाकुट्ट. उन्हाळ्यात आई बाजेवर कुरड्या वाळत घालायची आणि दुपारपर्यंत त्यांच्यावर राखेची साय धरायची. आई चिडायची. बाबा म्हणायचे, "राख पडतेय तोवर रोजी पडतेय."

तर दादा, ज्या घरात ही रॉकेलची चिमणी जळत होती त्या घराने पृथ्वी बुडवली का?

अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला साधारण दोन टन. इंधन जाळून आजवर हवेत जे सोडलं गेलंय, त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा जवळपास पाव हिस्सा आणि आपला तीन-चार टक्के. हो, आज एका वर्षाचा हिशोब मांडला तर चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच नंबर लागतो, मान्य. पण वर्षाचा हिशोब सांगणाऱ्याने दीडशे वर्षांची उधारी लपवू नये.

आणि करारांचं म्हणाल, तर शब्द कोणी पाळला? १९९२ साली रिओच्या जागतिक परिषदेत सगळ्यांनी मान्य केलं की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. १९९७ साली क्योटोत श्रीमंत देशांना उत्सर्जन कमी करण्याचं बंधन घातलं गेलं. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही. कॅनडाने २०११ साली अंग काढून घेतलं. २००९ साली कोपनहेगनमध्ये वचन दिलं की २०२० पर्यंत गरीब देशांना हवामान बदलाशी लढायला वर्षाला १०० अब्ज डॉलर मिळू लागतील. तो आकडा गाठला २०२२ साली, तोही बराचसा कर्जाच्या रूपात! पॅरिसच्या हवामान करारातून अमेरिका बाहेर पडली, परत आली, आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडायचा आदेश निघाला. आणि शहाणपण शिकवायचं कोणाला? तर आम्हाला.

ग्लासगोच्या हवामान परिषदेचा शेवटचा दिवस मला अजून आठवतो, २०२१ चा नोव्हेंबर. कोळसा 'बंद' करण्याऐवजी 'कमी' करण्याचा शब्द आपण घालायला लावला, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जगभर आपण खलनायक ठरलो. मी तेव्हाही चिडले होते. कोळशाचं नाव त्या कागदात आलं, तेलाचं आणि गॅसचं का नाही आलं? आमच्या गावाखाली कोळसा आहे म्हणून तो पाप, आणि ज्यांच्या जमिनीखाली तेल आहे त्यांचं पुण्य?

बाकूच्या हवामान परिषदेत २०२४ साली विकसनशील देश वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागत होते. हाती काय पडलं, तर २०३५ पर्यंत ३०० अब्ज देऊ असं वचन. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभं राहून त्याला दृष्टिभ्रम म्हटलं, पण तोवर निर्णय जाहीर झाला होता. तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला.

(चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.)

दादा, तू वाईट माणूस नाहीस. बाबांच्या शेवटच्या दुखण्यात पैसे तूच पाठवलेस, न मागता. मी परत करायचा विषय काढला तर रागावलास. "काकांनी मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीये, त्यांच्यासाठी उसने कसले?" हे तुझेच शब्द. मग तुला हे वेगळं सांगायला हवं का, की ज्याचं तुमच्यामुळे नुकसान झालं त्याला मदत करताना व्याज लावत नाहीत? आम्ही एवढंच मागतोय.

पण बाबांचं दुखणं आठवलं आणि आता राग दुसरीकडेच वळलाय.

डिसेंबर २०१५. पॅरिसमध्ये आपण हवामान न्यायाची भाषा करत होतो, आणि मला ती मनापासून पटत होती. त्याच महिन्यात इथे आपल्या पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी नवे नियम काढले. गंधक अडवणारी यंत्रं बसवायची, मुदत दोन वर्षं. ती मुदत वाढली, पुन्हा वाढली, परत वाढली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये बहुतेक केंद्रांना त्या यंत्रांतून सूटच देऊन टाकली. खर्च परवडत नाही, वीज महागेल, आपल्या कोळशात गंधक कमीच असतं, अशी कारणं. असतील खरी. पण जगाने आमची वाट बघावी म्हणणाऱ्यांनी आमच्या गावाला दहा वर्षं वाट बघायला लावली, आणि शेवटी हात वर केले.

कोळशावरच्या उपकराचंही तेच. २०१० साली टनामागे ५० रुपये सुरू झाले, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. २०१६ पर्यंत ते ४०० झाले. २०१७ साली जीएसटी आला आणि ते पैसे जीएसटीमुळे राज्यांना होणाऱ्या तोट्याच्या भरपाईकडे वळवले. बाबांच्या डोळ्यांसमोरून पट्ट्यावर गेलेल्या एकेका टनाचे ते पैसे होते! त्यातून त्यांना साधा धड मास्क मिळाला नाही. ते पगारपत्रकावर नव्हते, ठेकेदाराच्या वहीत होते. खोकला सुरू झाला तेव्हा वहीतून नाव गेलं. कोणाकडे दाद मागायची, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

२०२५ साली आपली निम्मी स्थापित वीज क्षमता कोळशा-गॅसशिवायची झाली, मुदतीच्या पाच वर्षं आधी. मला त्याचा खरंच आनंद आहे. पण रात्री सूर्य नसतो, आणि प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. म्हणजे ती चिमणी अजून बरीच वर्षं धुमसणार, आणि मग एक दिवस थंड होणार. सौर प्रकल्प उभे राहतायत राजस्थानात, कच्छमध्ये. कोळसा आहे चंद्रपुरात, कोरब्यात, सिंगरौलीत, धनबादमध्ये. दक्षिण आफ्रिकेला कोळसा सोडण्यासाठी ग्लासगोत साडेआठ अब्ज डॉलरचं आश्वासन मिळालं. २०२२ मध्ये तिथलं कोमाटीचं कोळशाचं वीज केंद्र बंद झालं आणि भोवतालच्या लोकांची कामं गेली. आमच्याकडे ज्या दिवशी टाळं लागेल, त्या दिवशी पगारपत्रकावरच्यांना काहीतरी मिळेल. वहीतल्यांना काय? २०७० ची तारीख ठरवली, चांगलं केलं, मी ती तारीख कोणाशीही भांडून राखेन. पण ह्या माणसांची यादी तरी आजपासून करायला घ्या ना! श्रीमंत देशांकडे ज्या न्यायाने मागतो, त्याच न्यायाने आमच्या गावाने मुंबई-पुण्याकडे मागितलं, तर आपल्याच लोकांना ते का खटकतं? दोन टनांची सरासरी सांगताना प्रत्येक खोलीत एसी असलेलं घर आणि आमचं घर आपण एकाच बेरजेत घालतो, हेही एकदा कबूल करू.

लिहिता लिहिता मध्येच आईला फोन केला. कुरड्या केल्यास का, विचारलं. केल्या म्हणाली. राख पडते का गं अजून त्यांच्यावर?

"बाहेर कशाला घालू," ती म्हणाली, "आता घरातच पंख्याखाली वाळवते. लाइट जात नाही ना आता."