ऑलराउंडर व्हायचंय? आधी एका कामावर संघात या

निवड चाचणीच्या फॉर्मवर गोव्यातली बरीच मुलं ‘ऑलराउंडर’ लिहितात. सातव्या नंबरवर वीस धावा आणि मधल्या वेळेत चार षटकं, एवढ्यावर. माझं ठाम मत आहे की संघातली जागा एकाच कामावर मिळवावी लागते. कपिल देवची कसोटीतली बॅटिंगची सरासरी ३१.०५, बॉलिंगची २९.६४. त्याने एकही धाव केली नसती तरी ४३४ बळींच्या जोरावर तो खेळलाच असता.

डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीला राजस्थानविरुद्ध गोव्याकडून अर्जुन तेंडुलकरने रणजी पदार्पणात १२० केल्या, दुसऱ्या टोकाला सुयश प्रभुदेसाईने २१२. गाजलं ते अर्जुनचं शतक. पण संघात तो आला होता डावखुरा वेगवान बॉलर म्हणून.

बॉलरची बॅटिंग बिघडते ती नेट्समध्ये. तास-दीड तास बॉलिंग टाकायची आणि उजेड कमी होताना शेवटची दहा मिनिटं पॅड बांधायचे. समोर दमलेले बॉलर, हातात मऊ पडलेला चेंडू. मॅचमध्ये मात्र सातव्या नंबरवाल्याच्या वाट्याला बऱ्याचदा ८० षटकांनंतरचा दुसरा नवा चेंडू येतो, आणि ऑफस्टंपबाहेरचा सोडायची सवयच नसते. आठवड्यातून दोन दिवस अशा मुलाला सगळ्यात आधी, नव्या चेंडूवर, निदान ४० चेंडू खेळू द्या. एक दिवस सहा षटकं टाकून झाल्यावर लगेच, म्हणजे दमल्यावर पाय कसे अडकतात ते त्यालाच कळेल.

पाठीचं दुखणं त्याहून गंभीर, आणि आपल्याकडे त्याचं मूळ पावसाळ्यात आहे. जून ते सप्टेंबर मैदानं भिजलेली. मुलं एक तर चेंडूला हात लावत नाहीत, नाहीतर इनडोअरला सिमेंटवर जोरात टाकतात. ऑक्टोबरात मैदान सुकलं की एकदम रोज दहा-बारा षटकं. हाडाला तेवढा ताण सोसायला वेळच मिळालेला नसतो. ऑगस्टपासून मऊ मॅटवर, एक दिवसाआड, अर्ध्या रनअपने २४ चेंडूंपासून सुरुवात करावी आणि सहा-आठ आठवड्यांत हळूहळू वाढवावं. ॲक्शनही बघा: खांदे एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या, असं असेल तर मणक्याला पीळ बसतो. कंबरेत खाली, बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखतंय आणि मागे वाकल्यावर वाढतंय, तर स्प्रे मारून खेळवू नका. बॉलिंग बंद करा आणि डॉक्टरांकडे न्या. स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडलेली चीर) निघालं तर काही महिने जातातच.

हार्दिक पंड्याच्या पाठीवर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. २०२१ च्या आयपीएलमध्ये त्याने एकही षटक टाकलं नाही, तरी मुंबई इंडियन्सकडून बॅटच्या जोरावर खेळला.

मुलं दुखणं का लपवतात, तेही समजून घ्या. रणजी स्पर्धेत २० पर्यंत सामने खेळलेल्याला प्लेइंग इलेव्हनमध्ये दिवसाला ४०,००० रुपये, राखीव बसला की निम्मे. चार दिवसांच्या एका सामन्यात ८०,००० चा फरक. घरी पगार आणणारं दुसरं कोणी नसेल तर विशी-बाविशीतला मुलगा पाठ दुखतेय म्हणून स्वतःहून सांगणार नाही. कोचने आणि फिजिओनेच दर सामन्याआधी विचारलं पाहिजे, आणि खरं सांगणाऱ्याची पुढच्या सामन्यातली जागा त्यामुळे जाता कामा नये.