तेच ते नाही!

डोकं फिरलंय माझं. काल संध्याकाळी घरातले सगळे मिळून ‘आइस एज’ हा कार्टून सिनेमा बघत होतो. पडद्यावर मॅमथ आला रे आला, की भावोजी माझ्या सात वर्षांच्या लेकीला म्हणतात, "ते बघ, केसाळ डायनासोर!"

म्हटलं, "अहो भावोजी, मॅमथ आहे तो. हत्तीच्या कुळातला."

"तेच ते हो, वहिनी."

तेच ते?! डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्यानंतर जवळपास सहा कोटी वर्षं लोटली, तेव्हा कुठे पहिला मॅमथ जन्माला आला. आणि शेवटचे केसाळ मॅमथ आर्क्टिकमधल्या व्रँगेल बेटावर साधारण ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत चरत होते. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून झाला तेव्हा हा प्राणी पृथ्वीवर जिवंत होता हो! डायनासोरपेक्षा तो आपल्याला कितीतरी जवळचा. आशियाई हत्ती तर त्याचा इतका जवळचा नातेवाईक, की आफ्रिकी हत्तीसुद्धा त्या मानाने लांबचा पडतो. पण नाही. जुनं आहे, मोठं आहे, आता दिसत नाही, म्हणजे डायनासोर. झालं.

हे एकट्या भावोजींचं असतं तर गिळून टाकलं असतं. जो येतो तो हेच करतो. मुलांच्या खेळण्यांचं पाकीट उघडा. वर ठळक अक्षरांत ‘डायनासोर’, आणि आतून निघतं काय? एक मॅमथ, एक सुळेवाली मांजर, एक उडणारा टेरोसॉर (तोही डायनासोर नव्हे, बरं का) आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन. हा डायमेट्रोडॉन तर डायनासोर अवतरायच्या कित्येक कोटी वर्षं आधीच संपला होता. शिवाय नात्याने तो डायनासोरपेक्षा तुम्हा-आम्हा सस्तन प्राण्यांना जवळचा! पाकीट भरणाऱ्याला काय त्याचं. रबर ओतलं, हिरवा रंग फासला, चला पुढे.

आणि "कार्टून तर आहे, एवढं काय त्यात" हे मला सांगू नका. प्राणी बोलतात, विनोद करतात, माणसाचं बाळ त्याच्या बापाकडे पोचवायला निघतात, यातलं मला काहीच खटकत नाही. उलट २००२ सालचा तो पहिला भाग मला मनापासून आवडतो. रडका मॅमथ, तोंडाचा पट्टा बंद न होणारा स्लॉथ (झाडाला लटकणारा तो आळशी प्राणी असतो ना, त्याच्या कुळातला) आणि पोटात डाव ठेवून आलेला सुळेवाला, असली विजोड मोट बांधली होती, तरी तिघं एकाच युगातले होते! जमिनीवर चालणारे स्लॉथ खरंच होऊन गेले. त्यातला मेगाथेरियम तर हत्तीएवढा धिप्पाड. सुळेवाले स्मायलोडॉनही खरे. (त्यांना वाघ म्हणायची एक वेगळीच खोड आहे लोकांना. मांजरकुळातले होते, पण वाघाशी जवळचं नातं नव्हतं. असो, एका वेळी एकच भांडण.) म्हणजे विजोडपणा स्वभावाचा होता, काळाचा नव्हता. गुहेत गोठलेला एक डायनासोर दाखवला होता, पण तो निदान मेलेला तरी होता.

मग आला २००९ चा तिसरा भाग. बर्फाखाली जिवंत डायनासोरांचं अख्खं जग! स्लॉथ तीन अंडी उचलून आणतो आणि मागोमाग त्यांची आई, टायरॅनोसॉरस, येऊन उभी राहते. मी वर्षभर लेकीला घोकून घेतलं होतं, "हे आणि ते कधीच भेटले नाहीत." ते सगळं दीड तासात पाण्यात. पोरगी माझ्याकडे अशी बघत होती, जशी काही मीच इतके दिवस खोटं बोलत आले होते.

तर काल मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सिनेमा थांबवला, सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला, भावोजींनी उसासा सोडला. सोडू देत. मी सगळा हिशेब मांडला: या सिनेमातल्या मुख्य पात्रांपैकी कुणीही, कुणीच, डायनासोरच्या आसपासच्या काळातलं नाही.

लेक म्हणाली, "आणि ती खार?"

झाली का पंचाईत. ती ओकच्या फळामागे जीव टाकणारी सुळेवाली खार खरं तर सिनेमावाल्यांनी मनाने रचलेली. तेवढं सांगून गप्प बसले असते तर सुटले असते. पण माझा स्वभाव! सांगून बसले, की २०११ साली अर्जेंटिनात सापडलेल्या एका प्राण्याच्या कवट्यांची माहिती प्रसिद्ध झाली, लांब मुस्कट, लांब सुळे, हुबेहूब त्या खारीची आठवण यावी असा. नाव क्रोनोपिओ. खार नव्हेच तो. आणि काळ...

"कधीचा?" भावोजी पहिल्यांदाच खुर्चीतून पुढे झुकले.

"नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचा."

"म्हणजे डायनासोर."

"नाही हो! डायनासोरच्या काळातला सस्तन प्राणी!"

"तेच ते, वहिनी," असं म्हणून त्यांनी सिनेमा पुन्हा सुरू केला.